गोळी सोडू नका, माठ वेगळा करू नका
(विहाराच्या वर्धापनदिनी फुलंब्री येथे केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार, डॉक्टर नव्हे. पण लिव्हर पोखरणाऱ्या हेपॅटायटीस सीबद्दल दोन शब्द बोलणार आहोत. पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत. ताप, उदासी यानं माणूस खचून जाई. आता गोळ्या आहेत, बहुतेकांना 12 आठवडे. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, अंग गळतं. मग आपण पाकीट कोनाड्यात टाकतो. तसं करू नका! थोडं-थोडं जेवा, पाणी प्या, पाळीवरून आल्यावर पडा. दारू बंद. जडीबुटी मनानं घेऊ नका. हृदयाची, टीबीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि घरच्यांनो, हा रोग रक्तातून पसरतो, एका ताटात जेवल्यानं नाही. ब्लेड, ब्रश वेगळे ठेवा. पण 1927 साली महाडला पाण्यासाठी लढलेल्यांची आपण लेकरं. आजाऱ्याचा माठ वेगळा ठेवणार काय?

जयभीम!