अनुभव आणि निवाडा



गेल्या वर्षी आपल्यापैकी एक गृहस्थ दहा दिवसांचे ध्यानशिबिर करून परतले. मन निवळले, राग उरला नाही, असे ते म्हणाले. चेहऱ्यावरही ते दिसत होते. त्याच महिन्यात त्यांच्या कामाच्या ठिकाणी आपल्या एका तरुणाचा जातीवरून अपमान झाला. साक्षीचा कागद आम्ही त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा ‘माझी समता ढळेल’ एवढेच ते बोलले. समता हा शब्द अशा अर्थाने वापरलेला आम्ही प्रथमच ऐकला!

धार्मिक अनुभव खोटा ठरविण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही ध्यानाला बसतो. काहींचे डोळे लागतात, ही गोष्ट वेगळी. परंतु मनाला लाभलेली शांती हा आपण योग्य वागत असल्याचा पुरावा होतो काय? जपानमधील झेन गुरूंची साधना लटकी नव्हती. तरीही दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यातील अनेकांनी सम्राटाच्या सैन्याची पाठराखण केली. आशियातील त्या आक्रमणाला साथ दिल्याबद्दल सोतो पंथाने १९९२ साली जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांनी त्यात नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला ही दृश्ये आधी कधी दिसलीच नसतील काय, असा त्यांचा साधा सवाल आहे. त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो, शाक्यांच्या संघापुढे युद्धाचा ठराव येतो आणि सिद्धार्थ उभा राहून त्यास विरोध करतो. बहुमत विरुद्ध जाते. देहदंड वा देशत्याग, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती, असे पर्याय त्याच्यापुढे उरतात. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या आजोबांना कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.

बोधिवृक्षाखालील चार आठवड्यांचे ध्यान त्यानंतर काही वर्षांनी येते. निवाडा आधी झालेला होता.

केसपुत्तच्या कालामांनाही तथागतांनी केवळ स्वतःच्या प्रचितीवर सोडले नाही. सुज्ञ माणसे कशाला दोष देतात, कशातून लोकांचे अहित आणि दुःख निपजते, हेही पाहावयास सांगितले. ही कसोटी एकट्याने, डोळे मिटून लावता येत नाही.

त्या गृहस्थांशी आमचे बोलणे तुटलेले नाही. पुढील रविवारी ते बुद्धवंदनेस येणार आहेत. तरुणाची तक्रार अद्याप प्रलंबित आहे. कागद आम्ही सोबत आणणार आहोत.