स्वित्झर्लंडच्या शेतावर तीन महिने

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



मी स्वित्झर्लंडला जाऊन आले तेव्हापासून प्रत्येक बैठकीत तुम्ही विचारता, बर्फ पाहिला का, विमानात जेवायला काय होतं? बर्फ दुरून पाहिला आणि विमानात भात होता. पण आज मला सांगायचंय ते तिथल्या शेताबद्दल आणि त्या शेतावरच्या दोन बायकांबद्दल.

माझी लेक आणि जावई बर्न शहरात नोकरीला आहेत. उन्हाळ्यापुरत्या त्यांनी एमेंटाल भागात एका शेतकऱ्याच्या घरी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि मला बोलावून घेतलं. त्यांचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट, आपल्या पेरण्या-खुरपण्यांचे दिवस. माझा व्हिसा पाहुणीचा, ९० दिवसांचा. त्यावर काम करायची परवानगी नसते. त्यामुळे जन्मात पहिल्यांदा मी शेत नुसतं बसून पाहिलं. हात शिवशिवायचे, पण डोळे मोकळे होते.

शेत ४० एकरांचं, गायी २२. त्या देशात हे काही मोठं शेत नाही, सरासरी शेतच ५० एकरांच्या आसपास असतं. डोंगरउताराची जमीन, सगळीकडं गवत. पहाटे साडेपाचला धार, संध्याकाळी पुन्हा धार. दूध गावातल्या चीजच्या कारखान्यात जातं. तिथं एमेंटालर नावाचं मोठाल्या भोकांचं चीज बनतं. एका चाकाचं वजन १०० किलोच्या घरात आणि त्याला लागतं १२०० लिटर दूध! या दुधासाठी गायींना मुरघास चालत नाही. नुसता हिरवा चारा आणि वाळलेलं गवत. म्हणून उन्हाळ्यात गवत वाळवून कोठारात भरणं हेच त्यांचं सुगीचं काम. दोन-तीन दिवस ऊन पडणार असं कळलं की घरातलं कोणी बसत नाही. यंत्रानं कापायचं, उलटंपालटं करायचं. जिथं उतारावर यंत्र चढत नाही तिथं हातात दंताळं घेऊन ओढायचं. आणि दंताळं कोणाच्या हातात? बाईच्याच. ते बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

त्या भागात एक रीत आहे. शेत मुलाच्या ताब्यात दिलं की म्हातारे आईबाप मोठ्या घराशेजारच्या छोट्या घरात राहायला जातात. आमच्या अंगणात तसंच होतं. मोठ्या घरात सून, छोट्या घरात सासू. लेकीला जर्मन येतं, म्हणून रविवारी आमच्या गप्पा व्हायच्या.

सासूबाई ८० च्या पुढच्या. त्या या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मतदानाचा हक्क नव्हता. खोटं वाटेल, पण स्वित्झर्लंडच्या बायकांना देशाच्या मतदानाचा हक्क मिळाला १९७१ साली! आपल्या आज्या १९५२ लाच मत देऊन आल्या होत्या. १९८८ पर्यंत तिथल्या कायद्यात नवरा हाच घराचा प्रमुख होता. सासूबाईंनी ५० वर्षं धारा काढल्या, गवत ओढलं, बटाटे लावले. त्यांच्या नावावर ना जमीन, ना पगार. "घरचंच काम, त्याचं काय लिहायचं?" असं त्या म्हणायच्या. हे वाक्य तुम्ही कुठं ऐकलंय का, सांगा बरं.

सून वेगळी. तिनं शेतकरीण होण्याची सरकारी परीक्षा दिलीय. हो, तिथं अशी परीक्षा असते. घर, परसबाग, हिशेब, सगळं त्यात येतं. ती रोज रात्री वहीत लिहायची: धार किती तास, गवत किती तास, अंडी किती विकली. अंडी आणि जॅम ती रस्त्याकडेला एका कपाटात ठेवते, शेजारी पैशांचा डबा. माणूस बसलेला नसतो. येणारा घेतो आणि पैसे टाकतो. शेताच्या खात्यातून दर महिन्याला तिच्या खात्यात पगार जमा होतो.

आता म्हणाल, गोऱ्या लोकांचं सगळं चांगलंच. तसं नाही. अजूनही तिथल्या कितीतरी शेतकरणी बिनपगारी राबतात. उद्या नवऱ्याशी पटलं नाही किंवा आजारपण आलं तर हातात काही नाही. म्हणून २०२७ पासून नियम येतोय: जोडीदार शेतात नियमित राबत असेल तर तिचा विमा हवा, नाहीतर सरकारी अनुदानाला कात्री. तिथल्या शेतकरी बायकांची संघटना १९३२ पासूनची आहे, तरी एवढ्यासाठी इतकी वर्षं गेली.

त्याच बर्नशी आपलंही नातं आहे. शरद जोशी तिथं जागतिक टपाल संघटनेत नोकरीला होते. ती सोडून ते आपल्या खेड तालुक्यात, आंबेठाणला शेती करायला आले. १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरलं. पुढं लक्ष्मीमुक्ती सुरू झाली, म्हणजे नवऱ्यानं आपल्या हातानं बायकोचं नाव जमिनीला लावायचं. नंतर सरकारनंही ती योजना केली. ती आजही आहे, आपण वापरत नाही.

परत आल्यावर मी कांद्याच्या लागणीत १५ दिवस वही लिहिली. शेतातले ७८ तास झाले, स्वयंपाक आणि गुरं सोडून. वही आमच्या ह्यांच्यापुढं ठेवली. ते काही बोलले नाहीत. तीन आठवडे विषय निघाला नाही. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, "आधार कार्ड दे, तलाठ्याकडं जायचंय." अर्ज दिला, फेरफाराची नोटीस निघाली, १५ दिवसांनी मंडल अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. दोन गटांच्या सातबाऱ्यावर आता माझं नाव आहे. तिसरा गट दिरांबरोबर सामाईक आहे, तिथं बोलणी अडलीत. मी सोडलेलं नाही.

सख्यांनो, नाव का हवं? नाव नसेल तर पीककर्ज आपल्याला नाही, शेतकरी म्हणून मिळणारा सन्मान निधी आपल्या खात्यात नाही. जमीन विकायला निघाली तर आपल्याला विचारायची कुणाला गरज नाही.

आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र आहे नोंदी. पैशाची नोंद आपण चोख ठेवतो. आता कामाचीही ठेवू. पुढच्या बैठकीपर्यंत दोन गोष्टी करा. १५ दिवस शेतातले तास लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला, नातीला सांगा. आणि घरच्या जमिनीचा सातबारा घेऊन या. कुणाचं नाव आहे ते आपण एकत्र बसून वाचू. ज्यांचे मालक तयार आहेत त्यांचे अर्ज त्याच दिवशी लिहू. ज्यांचे तयार नाहीत, त्यांनी वही चालू ठेवा.