सोडचिठ्ठीच्या कागदावर अंगठा देण्यापूर्वीं
(लोणावळ्यानजीक एका वाडींत जमलेल्या मंडळींपुढें केलेलें भाषण)



आजचा विषय घरांतल्या घरांत कुजबुजून बोलावयाचा अशी आपली समजूत आहे. पोर नांदत नाहीं, जांवयानें दुसरी आणली, सासरीं मारहाण होते, असें झालें कीं आपण दाराला कडी लावून बोलतों. मग एके दिवशीं चार भाऊबंद बसतात, चहा होतो आणि एक स्टँपकागद पुढें येतो. त्या कागदाविषयींच मला बोलावयाचें आहे. कारण तसले कागद मीं स्वतः लिहिलेले आहेत.

पुष्कळ वर्षें मीं अर्ज व करारनामे लिहून देण्याचें काम केलें. नाणे मावळांतून, पवन मावळांतून, लोणावळ्याच्या चिक्कीच्या कामावरून बाया बापाबरोबर किंवा भावाबरोबर यावयाच्या. मजकूर ठरलेला. आम्हां उभयतांचें पटत नाहीं, सबब राजीखुशीनें विभक्त झालों. एकमेकांवर हक्क राहिला नाहीं. बाई पोटगी मागणार नाहीं. खालीं सह्या, अंगठे, साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. लिहिणाराला पैसे मिळत, पंचांना मान मिळे, आणि शिक्का पाहून बाईला वाटे कीं आपण मोकळ्या झालों.

ती मोकळी झालेली नसते. हिंदु विवाह कायदा 1955 सालचा आहे. त्याप्रमाणें लग्न मोडावयाचें तर कोर्टाचा हुकूमनामा लागतो. सही कोणी केली एवढेंच नोटरी सांगतो, लग्न मोडण्याची सत्ता त्याला नाहीं. कोणी म्हणेल, आमच्यांत काडीमोडीची चाल आहे, पाटही लागतो. खरें आहे, आणि कायद्याच्या 29व्या कलमानें अशी जुनी चाल राखलीही आहे. परंतु ती आपल्या जातींत पूर्वापार अखंड चालत आली हें पुराव्यानें शाबीत करावें लागतें, व तो भार जो चाल सांगतो त्याच्यावर. पंचांनीं सांगितलें म्हणून तेवढ्यानें भागत नाहीं. लग्न रद्द ठरविण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाहीं, असें मुंबई हायकोर्टानें 1876 सालींच सांगून ठेविलें आहे. दीडशें वर्षें होत आलीं, आपण अजून पंचांपुढेंच बसतों!

आतां या कागदानें बाईचें काय जातें तें पहा. नवऱ्यानें सांभाळ केला नाहीं तर बाईला मॅजिस्ट्रेटापाशीं पोटगी मागतां येते. पूर्वीं त्याला 125 कलम म्हणत. 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेचें 144 वें कलम झालें. कोर्टानें घटस्फोट दिल्यावरही, ती पुन्हां लग्न करीत नाहीं तोंवर, हा हक्क राहतो. पण त्याच कलमांत एक आडकाठी आहे. नवराबायको राजीखुशीनें वेगळीं राहात असतील तर पोटगी नाहीं. म्हणजे ज्या दोन शब्दांचे मी पैसे घेत असें, तेच दोन शब्द नवऱ्याचा वकील कोर्टापुढें धरतो. पोटगीचा हक्क सोडला अशी लेखी कबुली कोर्टें सहसा मानीत नाहींत. पण ‘राजीखुशीनें’ हा शब्द मात्र बाईला झगडून खोटा पाडावा लागतो. माझ्या हातचा असा एक कागद एका पोरीच्या आड आला. ती कडेवर मूल घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, हें तुमचंच अक्षर ना?” त्या दिवसापासून मीं तें काम सोडलें.

दुसरें असें कीं, तसल्या कागदावर नवऱ्यानें दुसरें लग्न केलें तर तें लग्न कायद्यानें रद्द, आणि गुन्हाही होतो. सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण आपल्या पोरीला आपण त्याच कागदावर दुसऱ्या घरीं दिली, तर तिचेंही लग्न तसेंच कच्चें राहतें. पुढें त्या घरच्या पेन्शनीचा किंवा वारसाचा प्रश्न निघाला म्हणजे तें उघडकीस येतें.

“मग वकिलाला पैसे कोठून आणावे?” हा आपला खरा प्रश्न. म्हैस विकावी कीं सावकाराकडे जावें? दोन्हीही नको. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा 1987 सालीं झाला व 1995 पासून चालू आहे. त्याच्या 12व्या कलमानें प्रत्येक बाईला सरकारी खर्चानें वकील मिळतो. तिची मिळकत किती, माहेर सधन आहे कीं गरीब, हें पाहत नाहींत. अनुसूचित जातीजमातींच्या माणसांना, अपंगांना, कारखान्यांतील कामगारांना आणि ठरविलेल्या मर्यादेहून कमी मिळकत असणाऱ्या पुरुषांनाही तो मिळतो. मावळासाठीं वडगांवच्या कोर्टांत तालुका विधी सेवा समिती आहे, तेथें अर्ज द्यावा. जिल्ह्याचें प्राधिकरण पुण्यास शिवाजीनगर कोर्टांत आहे. घरून निघतां येत नसेल तर 15100 या नंबरावर फोन करावा. शिवाय बायकांच्या पोटगीच्या व घटस्फोटाच्या कामांत कोर्टफी महाराष्ट्र सरकारनें 1994 सालींच माफ केली आहे.

फुकटचा वकील काय कामाचा, असें बोलणारे आहेतच. वकील चांगलाही असतो, आळशीही असतो. पैसे घेणाराही तसाच असतो. फरक इतकाच कीं समितीच्या वकिलाची फी समिती देते. त्यानें वर पैसे मागितले किंवा काम टाळलें, तर समितीकडे तक्रार करून दुसरा वकील मागावा. त्यांत संकोच धरूं नये.

आपल्याच लोकांतली एक गोष्ट सांगतों. मुंबईच्या रखमाबाई सुतार जातींतल्या. अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न लावून दिलें होतें. पुढें त्या नवऱ्याकडे जाईनात, म्हणून त्यानें 1884 सालीं दावा लावला. नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंग, असा हुकूम 1887 सालीं झाला. बाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला. त्यांच्या खर्चासाठीं बड्या मंडळींना कमिटी नेमून वर्गणी काढावी लागली. शेवटीं 1888 सालीं नवऱ्याला 2000 रुपये देऊन मिटलें. पुढें त्या विलायतेंत शिकून डॉक्टर झाल्या. वारल्या 1955 च्या सप्टेंबरांत. हिंदु विवाह कायदा त्याच वर्षाच्या मे महिन्यांत झाला होता.

आपल्या पोरीसाठीं कोणी कमिटी नेमणार नाहीं. नेमण्याची गरजही आतां नाहीं.

वडगांवास जातांना हात हालवीत जाऊं नये. लग्नपत्रिका, लग्नांतले फोटो, मुलांचे जन्माचे दाखले, मारहाण झाली असेल तर दवाखान्याचे कागद न्यावे. आणि नवऱ्याच्या जमिनीचा सातबारा व आठ-अ अवश्य काढावा. द्रुतगती मार्ग झाल्यापासून मावळांतल्या जमिनीला कसा भाव आला हें मीं सांगावयास नको. तरी कोर्टांत उभा राहिला कीं नवरा म्हणतो, मी रोजंदारीचा मजूर. तेव्हां उताराच बोलतो. दोघांनींही मिळकतीचें प्रतिज्ञापत्र द्यावें, व पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असें सुप्रीम कोर्टानें 2020 सालीं ठरवून दिलें आहे. म्हणून अर्जाला उशीर झाला तितके महिने बुडाले समजावे. घटस्फोटाच्या वेळीं पोटगीचा बोजा नवऱ्याच्या जमिनीवर चढविण्याचाही कोर्टाला अधिकार आहे. तो मागावा लागतो, आपोआप चढत नाहीं. माहेरीं आलेल्या बाईला अर्ज करण्यास सासरच्या जिल्ह्यांत जावें लागत नाहीं. ती राहते तेथील कोर्टांत करतां येतो.

खरेंच दोघांना वेगळें व्हावयाचें असेल, तर कोणी अडवीत नाहीं. वर्षभर वेगळें राहून दोघांनीं मिळून कोर्टांत अर्ज करावा. साधारणपणें सहा महिन्यांनीं पुन्हां विचारून कोर्ट निकाल देतें. ती मुदत योग्य कारण असल्यास माफ होते, असें 2017 सालीं ठरलें आहे. पोटगी, दागिने, मुलें कोणाकडे, हें सारें त्याच अर्जांत लिहवून घ्यावें. तेथें न्यायाधीश बाईला समोर विचारतो. आपल्या बैठकींत तिला कोणी विचारलें होतें काय? चहा मात्र तिनेंच केलेला असतो.

येत्या सोमवारीं मी वडगांवास जाणारच आहें. ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं सकाळच्या लोकलला लोणावळ्याच्या स्टेशनावर यावें. उतारे आधीं काढून ठेवावे. आणि कोणाच्या घरीं तसला कागद लिहून तयार असेल, तर तोही सही न करितां घेऊन यावा.