'तुरळक ठिकाणी' म्हणजे किती?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



रेडिओ सांगतो, 'तुरळक ठिकाणी पाऊस'. आपण ऐकतो फक्त 'पाऊस', आणि तिफण जुंपतो. हवामान खात्याच्या हिशेबात 'तुरळक' म्हणजे शंभरातली फार तर पंचवीस ठिकाणे. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नासपर्यंत. हा अर्थ आपल्याला कोणी सांगितला? कोणीच नाही. दुबार पेरणीच्या बियाण्याचे पैसे मात्र आपल्या खिशातून गेले.

पाऊस बेभरवशाचा झाला आहे. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ठरला. अशा काळात सल्ला जवळून मिळायला हवा. पण कृषी विज्ञान केंद्रांतले १९९ जिल्हा कृषी हवामान कक्ष २०२४ मध्ये बंद करण्यात आले. जिल्ह्याला असा कक्ष कायमचा हवा, ही आपली मागणी आहे.

तोवर हात बांधून बसू नका. गावात पर्जन्यमापक बसवा. पारावरच्या फळ्यावर रोजचा पाऊस लिहा. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय कोरडवाहू कपाशी लावू नका, ज्वारी पेरू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपला फळा वहीत उतरवून आणावा.