स्तनरोपण : निवडीआधीचा हिशेब



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण कर्करोगामुळं स्तन काढावा लागलेली बाई ‘आता पुढं काय?’ हे घरातही विचारत नाही. म्हणून ते इथं बोलू.

पहिला पर्याय, काहीच न बसवण्याचा. ब्राच्या कप्प्यात ठेवायचा कृत्रिम स्तन मिळतो. पुन्हा शस्त्रक्रिया नको असेल तर तो उत्तम.

दुसरा, स्वतःच्या पाठीचं किंवा पोटाचं मांस वापरण्याचा. ही विद्या आपल्याला परकी नाही. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी या मराठा गाडीवानाला पुण्याजवळच्या एका देशी वैद्यानं कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात त्याची हकिगत छापून आली. स्तनासाठी मात्र ही शस्त्रक्रिया लांबते आणि व्रण दोन ठिकाणी राहतात.

तिसरा, इम्प्लांट. सिलिकॉन जेलचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं. कवच सगळ्यांचं सिलिकॉनचंच. आत जेल किंवा मिठाचं पाणी. जेल हाताला जास्त नैसर्गिक लागतं, पण फुटलं तर बाहेरून कळेलच असं नाही. मिठाच्या पाण्याचं फुटलं की स्तन बसतो, लगेच कळतं. आकार गोल किंवा थेंबासारखा. थेंबाचं आत फिरलं तर स्तन वाकडा दिसतो, म्हणून त्याचं कवच बहुधा खडबडीत ठेवतात. पण खडबडीत कवचाशी लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराचा संबंध आढळला आणि २०१९ साली अ‍ॅलर्गन कंपनीनं आपली ‘बायोसेल’ इम्प्लांट जगभरातून परत घेतली. गुळगुळीत कवच या बाबतीत उजवं.

शरीर कुठल्याही इम्प्लांटभोवती व्रणाचा पापुद्रा धरतं. तो आवळला तर स्तन टणक होतो, दुखतो. रेडिएशन घेतलेल्या छातीत हा धोका वाढतो. ते आधीच डॉक्टरांशी बोला.

फ्रान्सच्या ‘पीआयपी’ कंपनीनं तर कारखान्यात वापरायचं सिलिकॉन भरलं होतं. २०१० साली ते उघडकीस आलं. म्हणून कंपनीचं नाव, आकार आणि क्रमांक लिहिलेलं कार्ड मागून घ्या, जपून ठेवा.

आता मुद्द्याचं. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. जेलचं असेल तर अमेरिकेचं औषध प्रशासन पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढं दर दोन-तीन वर्षांनी तपासणी सुचवतं. शस्त्रक्रिया मुंबईच्या टाटा रुग्णालयात होवो की नागपूरला, या तपासण्या कुठं होणार, खर्च कोण करणार, सोबत कोण येणार, हे आधी ठरवा. आकार, कवच, जेल यांची तुलना त्यानंतर. हा हिशेब घरच्यांनी मिळून मांडावा. निर्णय मात्र तिचाच राहू द्यावा.

आता प्रश्न विचारा. उभं राहून विचारायला अवघड वाटत असेल तर चिठ्ठी पाठवा, नावाची गरज नाही.