'रेअर' शब्दाची गंमत

इंग्रजी शिकणारा विद्यार्थी 'रेअर' या शब्दापुढे 'दुर्मिळ' एवढा एकच अर्थ लिहितो आणि निश्चिंत होतो. पुढे 'रेअर' मांसाचा उल्लेख वाचनात आला की तो 'दुर्मिळ मांस' असे भाषांतर करून मोकळा होतो. वस्तुतः तेथे वरून भाजलेले, पण आतून लालसर व कच्चट राहिलेले मांस अभिप्रेत असते.

याचा सारा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. मुळात हे दोन निराळे शब्द असून कालांतराने त्यांचे रूप एक झाले आहे. 'अर्धकच्चा' या अर्थाचा शब्द प्राचीन इंग्रजीतला; तो पूर्वी अर्धवट उकडलेल्या अंड्यांस लावीत. दुसरा लॅटिनमधील 'रारुस' या शब्दापासून आला. त्याचा मूळ अर्थ विरळ, दाट नसलेला. उंच पर्वतावरील हवेला 'रेअर' म्हणतात ते याच अर्थाने. जे विरळ, ते क्वचित आढळते. म्हणून 'दुर्मिळ' हा अर्थ त्यातून निघाला. मराठीतही 'विरळ केस' आणि 'असा माणूस विरळा' हे प्रयोग शेजारी शेजारी नांदतातच.

हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. स्वीडनमधील इटरबी गावच्या खाणीत १७८७ साली एक काळे, जड खनिज सापडले. योहान गादोलिन या रसायनशास्त्रज्ञाने १७९४ साली त्यात एक नवी 'मृत्तिका', म्हणजे धातूचे ऑक्साइड, असल्याचे दाखविले. या वर्गात आज १७ मूलद्रव्ये गणली जातात व त्यांस 'रेअर अर्थ' म्हणतात. ती नावाप्रमाणे दुर्मिळ असावीत असे वाटते. परंतु त्यांपैकी सीरियम हे भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आहे, आणि थुलियमसारखे अल्प मूलद्रव्यही चांदीहून अधिक आहे. अडचण निराळीच आहे. ही मूलद्रव्ये खडकांत विखुरलेली असतात, एके ठिकाणी भरपूर क्वचितच सापडतात, आणि गुणधर्मांत इतकी सारखी असतात की एकमेकांपासून वेगळी करणे कष्टाचे व खर्चाचे होते. म्हणजे ती दुर्मिळ नव्हेत, विरळ होत!

यास्तव शब्दाचा अर्थ विचारणाऱ्या मुलास शिक्षकाने उत्तर देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य करावा: 'बाळ, पूर्ण वाक्य कोणते?'