ऑफिसची पँट घेताना

ऑफिससाठी पँट घेताना आपण कमरेचं माप सांगतो आणि बहुतेकदा तिथेच फसतो. कंबर बारीक आणि नितंब रुंद असतील, तर माप नितंबांचं धरा. कंबर टेलरकडून आत घेता येते. नितंबांवर तंग झालेली पँट मात्र सहसा सैल होत नाही, कारण तयार कपड्यांच्या शिवणीत माया फार कमी सोडलेली असते.

पोट थोडं पुढे असेल, तर कंबरपट्टा बेंबीजवळ येणारी, पुढे चुण्या नसलेली पँट बरी. चुण्या शोभतात त्या सडपातळ बांध्याला. उंची कमी असेल, तर पायाशी दुमड नको.

आणि ट्रायल रूममध्ये नुसत्या उभ्या राहू नका, बसून बघा. खिशांची तोंडं उघडली, मांडीवर आडव्या सुरकुत्या ताणल्या, तर ती पँट परत ठेवा, कापड कितीही आवडलेलं असो. सुती पँट आटते, म्हणून एकदा धुऊन, रोजच्या चपला घालून मगच लांबी कमी करायला द्या. लेबलवरच्या आकड्याचं मनाला लावून घेऊ नका. एका कंपनीचा 32 दुसरीच्या 34 एवढा असू शकतो.